पोलीस पाठवला होता

कर्नाळ्याच्या पायथ्याला, रानाच्या कडेला कातकऱ्यांची एक वाडी होती. दिवाळी सरली की तिथली बिऱ्हाडं मडकी-गोधड्या डोक्यावर घेऊन पनवेलच्या खाडीवर उतरायची. पावसाळ्यात मिठागरांचे बांध खचलेले असत. ते चिखल थापून उभे करायचे, उन्हाळाभर मीठ ओढायचं आणि आभाळ भरून आलं की परत रानाची वाट धरायची. ठकीचं सगळं आयुष्य याच जा-ये करण्यात गेलं होतं. तिचा नवरा काळू तर जन्मलाच मुळी मिठागराच्या बांधावर.

काळू अबोल होता आणि ठकीच्या तोंडाला ताटी नव्हती. दोघांचं बरं चाललं होतं.

पनवेलच्या बाजारात कुणाचं कोंबडं हरवलं तरी शिपाई आधी कातकऱ्यांच्या झोपड्यांत शिरत. आदल्या साली एका व्यापाऱ्याचं तांब्याचं घंगाळ नाहीसं झालं आणि काळूला धरून नेलं. पुढं ते घंगाळ व्यापाऱ्याच्याच लेकीच्या सासरी सापडलं. काळू सुटून आला तेव्हा त्याला तळपाय जमिनीला टेकवत नव्हते. माफी कुणी मागितली नाही. तेव्हापासून मिठागरावर एक रीत पडून गेली. खाकी कपडा दिसला की बापयांनी फावडी टाकायची, खाडीकडच्या बांधावरून पलीकडच्या तिवरांच्या झाडीत शिरायचं आणि शिपाई गेल्यावर बाहेर यायचं. बाया-पोरं जागची हलत नसत. बायांना कुणी धरून नेत नव्हतं.

स्वराज्य मिळून वर्ष उलटलं होतं. त्या दिवशी सकाळपासून हवा कोंदली होती. चिखल उचलताना ठकीला दूर बंदरावरच्या काठीला बावटा चढलेला दिसला.

"आज कोन पुढारी येतोय काय?" तिनं काळूला विचारलं.

"येत असंल," काळू म्हणाला. स्वराज्य आल्यापासून जिथं तिथं बावटे लागत होते. तो खाली वाकला आणि कामाला लागला.

दुपार कलली तसा वारा फिरला. खाडीचं पाणी काळवंडलं, भुरभुर पाऊस सुरू झाला. तेवढ्यात गावाकडच्या बांधाच्या तोंडाशी दोन शिपाई येऊन उभे राहिले. त्यांतला एक काशिराम. घंगाळाच्या वेळी काळूला नेणारा हाच. चिखलात बूट भरतील म्हणून तो पुढं आला नाही. तिथूनच हातातली काठी हलवत ओरडला, "तुफानाची वर्दी आलीय मुंबईवरून. सगळे निघा इथनं. चला गावात."

वारा त्याच्या तोंडावर होता. मिठागरात त्यातले तीनच शब्द पोचले. वर्दी, मुंबई आणि चला.

"मुंबईची वर्दी आली," कुणीतरी हळूच म्हणालं. कातकऱ्यांच्या लेखी वर्दी म्हणजे अंगावरचा खाकी कपडा. पनवेलचे शिपाई कमी पडले म्हणून आता मुंबईचेही आले, एवढंच त्यांना उमगलं. काळूनं फावडं खाली ठेवलं.

"पोरांना आत घे," तो ठकीला म्हणाला. आणि तो, त्याचा धाकटा भाऊ बाळ्या आणि आणखी चौघं बांधाच्या आडोशानं वाकून खाडीच्या दिशेनं गेले.

ठकीला त्यात काही वेगळं वाटलं नाही. असं कितीदा झालं होतं. तिनं दोन्ही पोरं झोपडीत घेतली आणि दारात बसली. काशिराम बूट सावरत एकदाचा येऊन पोचला.

"बापये कुठं गेले?"

"कामाला."

"कुठल्या कामाला?"

"आमाला काय ठाव."

"बरं, तुम्ही तरी उठा. गावात चला. सरकारचा हुकूम आहे."

एकही बाई उठली नाही. काशिरामनं एका झोपडीची कुडाची भिंत काठीनं उचकटली, दुसरीच्या दारातलं मडकं लाथेनं उडवलं. बाया नुसत्या बघत राहिल्या. शेवटी तो वैतागला. "मरा मग," म्हणाला आणि माघारी वळला.

तो बांधाच्या अर्ध्यावर असेल नसेल, तोच वरच्या आगरी गावातली हौसा लुगडं वर खोचून धावत आली. हौसाचा नवरा बळीराम मिठागरावर मुकादम होता. तो तोंडाचा कडक, पण हौसा तशी नव्हती. ती ठकीजवळ बसून मिश्री लावायची, पोरांना पेज द्यायची.

"ठके, बसलीस काय अशी?" ती धापा टाकत म्हणाली. "लय मोटं वादल येतंय. खाडी बांधावरनं आत येनार. पोरांना घे नि आमच्याकडं चल."

हुकमाला न हललेल्या बाया हौसाच्या एका शब्दासरशी उठल्या. कुणी पोर काखेला मारलं, कुणी गोधडी. ठकी मात्र उभी होती तिथंच राहिली.

"तो पोलीस वादलाचं सांगाया आलता?"

"मग कशाला?"

ठकीनं लेक हौसाच्या कडेवर दिली, मुलाचा हात तिच्या हातात दिला आणि खाडीकडच्या बांधावर धाव घेतली. काळूला हाका मारताना तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. पाऊस आडवा लागत होता. बांधाच्या मध्यावर पाणी तिच्या गुडघ्याला लागलं, मग मांडीला. पुढं बांध दिसेना. तरी ती पुढं गेली असती, पण मागून पोरं दुसऱ्या बाईकडे सोपवून आलेल्या हौसानं तिचा अंबाडाच धरला आणि तिला ओढत मागं आणलं. ठकीनं तिच्या हाताला चावा घेतला. हौसानं हात सोडला नाही.

दिवेलागणीच्या सुमाराला बांध फुटला. हौसाच्या पडवीतून तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर बाळ्या सापडला. तिवराच्या फांदीला त्यानं स्वतःला लंगोटीनं बांधून घेतलं होतं. आणखी एक जण जिवंत निघाला. काळू आणि बाकीचे तिघं मात्र चिखलातून काढावे लागले. काळूला बाळ्यानं खांद्यावरून आणलं तेव्हा ठकी रडली नाही. तिनं त्याच्या नाकातोंडातला गाळ पदरानं पुसला, त्याला माती दिली आणि त्याच पावली पनवेल गाठलं.

तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. वादळ येणार हे कुणाकुणाला ठाऊक होतं?

बाजारात तिनं पहिल्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, सकाळीच दवंडी पिटली होती. फळ्या लावून, माल माळ्यावर टाकून तो दुपारीच घरी गेला होता. दवंडी कुठवर फिरली, तिनं विचारलं. बाजारापासून तळ्यापर्यंत, तो म्हणाला, नेहमी फिरते तिथवर. आगरी गावात कुणी सांगितलं होतं? बळीरामचा चुलता भगवान बाजाराला आला होता, त्यानं नेलं. कोळ्यांनी होड्या वर ओढल्या होत्या. बंदरावर मुसा तांडेल आपलं गलबत दोरखंडांनी बांधून भुईमुगाच्या शेंगा खात बसला होता.

"आम्हाला तर फजरलाच खबर होती," तो म्हणाला. "बावटा चढला होता ना. तो काय खेळ असतो? बावटा चढला की कुणी दर्यात जायचं नाही."

"तो बावटा वादलाचा होता?"

मुसानं शेंग खाली ठेवली. "तुम्ही बघितलात?"

"सकालपासनं बघत होतो," ठकी म्हणाली. "आमाला वाटलं पुढारी येतोय."

मुसानं मान खाली घातली. ठकीच्या पोटात तेव्हा जी आग पेटली, ती पुढं विझली नाही. बाजाराला दवंडी, बंदराला बावटा, गावाला भावकीतला माणूस. आणि कातकऱ्यांना पोलीस.

आठवड्यानं मदत वाटायला एक साहेब आले. हौसाच्या गावच्या देवळात टेबल मांडलं. साहेब तरुण होते, घाटावरून नव्यानं बदलून आलेले, आणि वाईट नव्हते. त्यांनी स्वतः उठून म्हाताऱ्या बायांना सावलीत बसवलं. दर कुटुंबाला तांदूळ आणि एक चादर मिळायची होती. त्याआधी कारकून एक मजकूर वाचून दाखवी आणि त्याखाली अंगठा घेई. ठकीची पाळी आली.

"काय वाचलंत ते परत सांगा," ती म्हणाली.

कारकून कंटाळला होता. "आगाऊ सूचना मिळूनही सदर इसम आपण होऊन खाडीच्या दिशेने गेला व बुडून मयत झाला. उठव अंगठा."

"सूचना म्हंजे?"

"सांगणं, बाई. तुम्हाला सांगितलं होतं ते."

"कोनी सांगितलं?"

आता साहेबांनीच मान वर केली. "पोलीस पाठवला होता तुमच्याकडे. भर पावसात दोन माणसं आली होती. तुमची माणसं पळाली, त्याला सरकार काय करणार?"

"पोलीस पाठवला म्हनूनच पलाली."

"चोरी केली नव्हती तर पळायचं कशाला?"

ठकी टेबलाच्या इतकी जवळ गेली की कारकुनानं दौत उचलून धरली.

"सायेब, माझ्या नवऱ्यानं चोरी केली नव्हती तरी त्याचे तलवे फोडले. ज्यानं फोडले त्यालाच तुमी त्याचा जीव वाचवाया धाडलात. वाघाला सांगितलंत, जा, शेलीला सांग गोठ्यात चल म्हनून. नि आता शेली पलाली म्हनून लिवताय."

"मग कुणाला पाठवायचं होतं?" साहेबांचा आवाज चढला. "मला इथं येऊन महिनाही झाला नाही. तुम्ही कुठल्या झाडीत राहता, कुणाचं ऐकता, मला काय माहीत?"

"माहीत नाय ते इचारायचं. हौसाबाय एकदा बोलली नि आमी बाया उठलो. बांगड्या इकनारा कासार बोलला असता तरी उठलो असतो. आमी ज्याला बघून पलत नाय असा एक मानूस तुमच्या कचेरीत नाय. ते लिवा. त्याच्याखाली मी दोनी हाताचे अंगठे देते."

साहेब लाल झाले. कारकून म्हणाला, अंगठा नाही तर तांदूळ नाही, नियम आहे. ठकीनं पोरांना पुढं घातलं आणि ती देवळाबाहेर पडली. मागं बायांच्या रांगेत कुजबूज झाली. दोघी तिच्या मागोमाग निघाल्या. बाकीच्यांनी अंगठे दिले. पोरं उपाशी होती, ठकीनं त्यांना बोल लावला नाही.

पायरीशी काशिराम उभा होता. तो तिच्या मागं चार पावलं आला.

"बाई, मला वरून एवढंच सांगितलं, मिठागर खाली करा. मी आलो, ओरडलो. माझंही घर उडालंय."

"तू बांधावर उभा ऱ्हायलास," ठकी म्हणाली. "बूट खराब होतील म्हनून. आत येऊन 'वादल येतंय' येवढं बोलला असतास तर."

"तुम्ही ऐकलं असतंत माझं?"

ठकीनं त्याच्याकडं नीट बघितलं. "नाय," ती म्हणाली. "तुझं नसतं ऐकलं. म्हनून तर राग येतो." आणि ती चालू लागली.

फुटलेला बांध तसाच होता. मीठ पिकायचं तर तो थंडीतच उभा राहायला हवा होता. बळीराम मुकादम वाडीवर माणसं बोलवायला आला, तेव्हा ठकी सगळ्यांच्या पुढं होती.

"बांधाला हात लावनार नाय," ती म्हणाली. "बावटा चढला की आमाला कोन सांगनार ते आधी ठरव."

बळीराम हसला. मग शिव्या देऊन गेला. त्यानं दुसऱ्या वाडीवर माणसं शोधली. पण तिथं ठकी आदल्याच दिवशी जाऊन आली होती. प्रत्येक वाडीत ती तेच सांगत होती, कुणाचं कोण कसं मेलं ते, आणि बावटा कुणाला कळत होता ते. सांगताना तिचा आवाज चिरकायचा. तिच्या मागं माणसं म्हणायची, काळू गेल्यापासून हिचं डोकं फिरलंय. पण बांधावर कुणी गेलं नाही. मीठ ओढायचे दिवस जवळ आले आणि मिठागरात खाडीचं पाणी आत-बाहेर करत राहिलं. घरी हौसानंही बळीरामशी बोलणं टाकलं.

शेवटी बळीराम आला, तो मुसा तांडेलाला बरोबर घेऊन. ठरलं असं. बावटा चढला की मुसा हौसाला निरोप धाडील, हौसा ठकीला सांगेल आणि ठकी मिठागरभर फिरून आपल्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगेल. तिच्या आधी एकही शिपाई बांधावर पाय ठेवणार नाही. ही शेवटची अट बळीराम कचेरीत जाऊन सांगून आला. तिथं कुणी हो म्हणालं नाही आणि नाहीही म्हणालं नाही.

दोन वर्षांनी तशीच हवा कोंदली. सकाळीच बावटा चढला आणि मुसाचा माणूस हौसाकडे पळत आला. ठकीनं हातातलं टोपलं टाकलं. ती बांधाबांधावरनं फिरली. "खाडी चढतेय. मी ठकी सांगते. तिवरांत नाय, वरच्या गावात चला." म्हाताऱ्यांना बाळ्यानं पाठंगुळीला घेतलं. दुपारच्या आत मिठागर रिकामं झालं, एक फावडंदेखील मागं राहिलं नाही.

गावाच्या चढावर येऊन ठकीनं मागं वळून बघितलं, तर खाडीच्या काठाला अजून धूर दिसत होता. तिथं नव्या रस्त्याच्या भरावावर वडारांची पालं होती. ते लोक त्याच महिन्यात लांबून आले होते. दगड फोडायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांना कुणी सांगितलं, तिनं हौसाला विचारलं. हौसानं बळीरामकडे बघितलं. बळीराम म्हणाला, त्यांचा ठेकेदार वेगळा आहे.

ठकीच्या तोंडून जी शिवी निघाली ती त्या गावात कुणी बाईच्या तोंडून ऐकली नव्हती. ती उताराला लागली.

पालांपाशी बाया भाकऱ्या थापत होत्या. ठकीनं सांगितलं, वादळ येतंय. त्या बघत राहिल्या. तिनं खाडीकडं हात केला, आभाळाकडं केला, ओरडली. एक जण हसली. दुसरी आपसांत काहीतरी बोलली, त्यातला शब्दही ठकीला कळला नाही. पुरुष दगडांमागून उठून जवळ आले, हातात दगड फोडायच्या सुतक्या घेऊन. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मात्र ठकीला अचूक कळलं. आपण खाकी कपड्याकडे असंच बघतो.

वारा वाढत होता. समजावायला वेळ नव्हता आणि शब्द नव्हते. तिनं पुढं होऊन भाकरीवालीच्या शेजारचं रांगतं पोर उचललं आणि गावाच्या दिशेनं पळत सुटली.

मागं एकच कालवा झाला. आई किंचाळत धावली, तिच्यामागं नवरा, त्याच्यामागं अख्खी वस्ती, आणि बायांच्या काखेत आपापली पोरं होती. एक दगड ठकीच्या पाठीत बसला, एक खांद्यावर. ती थांबली नाही. चढ चढून हौसाच्या अंगणात ती कोसळली तेव्हा पोर तिच्या पोटाशी धरलेलं होतं आणि ठणाणा रडत होतं. आईनं ते हिसकावलं आणि ठकीच्या थोबाडीत अशी दिली की तिचा ओठ फुटला. नवऱ्यानं सुतकी उगारली. बळीराम आणि बाळ्या मध्ये पडले. झटापट चालू असतानाच वडारांतला एक म्हातारा खालच्या बाजूला बोट करून काहीतरी बोलला. सगळे वळले. भरावाला पाणी लागलं होतं. बघता बघता पालं उचलली गेली आणि चूल, गाढवं, सगळं त्या करड्या पाण्याखाली गेलं. दोन गाढवं बांधलेली होती.

त्यांच्यासाठी वडार रडले. पोराच्या बापानं सुतकी खाली ठेवली.

पाणी ओसरल्यावर त्याच देवळात पुन्हा टेबल मांडलं गेलं. या वेळी साहेब दुसरे होते. त्यांनी भाषण केलं. खात्याची सूचना वेळेवर शेवटच्या माणसापर्यंत पोचली आणि जनतेनं सहकार्य केलं म्हणून एकही माणूस दगावला नाही, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठकी मागून उभी राहिली. तिचा ओठ अजून सुजलेला होता.

"खात्याची सूचना कुटवर आली ती इचारा," ती म्हणाली. "बंदरावर बावट्यापर्यंत. तिथनं पुडं मुसाभायनं आनली, हौसाबायनं आनली, मी आनली. वडारांकडं तर ती गेलीच नाय. त्यांची पोरं वाचली ती मी पोर चोरलं म्हनून. जमलं तर ते सांगा मुंबईला."

साहेबांनी मान डोलावली. बाई कोण, असं शेजारच्याला हळूच विचारलं आणि भाषण पुढं सुरू केलं. ठकी पुरतं ऐकायला थांबली नाही. दोन वर्षं ती ओरडत होती आणि शेवटी वडारांच्या बाबतीत तीही काशिरामसारखीच बांधाच्या तोंडाशी उभी राहून ओरडली होती, हे तिला आता डाचत होतं.

वडार गावाच्या माळावर राहायला आले होते. ती तडक तिथं गेली. थोबाडीत मारणारी बाई नव्या चुलीला माती लिंपत होती. ठकीला बघून ती उठली, पोराला मागं घेतलं, मग लाजून पुन्हा पुढं केलं. ठकी तिच्यासमोर उकिडवी बसली. शेजारच्या मडक्यात बोटं बुडवून तिनं पाणी जमिनीवर शिंपडलं.

"ह्याला तुमी काय म्हनता?" तिनं विचारलं. प्रश्न विचारतानाही तिचा आवाज भांडल्यासारखा होता.

बाईनं मडक्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "नीळ्ळु," ती म्हणाली.

"नीळ्ळु," ठकी म्हणाली. मग तिनं हात छातीपासून वर, डोक्याच्याही वर नेला. "आनि असं आलं म्हंजे?"